उलटा कुर्ता

मी दीप्तीचा आमसुली रंगाचा कुर्ता बोलतोय. आज माझी शिवण आत आहे आणि खिसाही जागेवर आहे, म्हणून तुमच्यासमोर यायला लाज वाटत नाही. एका मंगळवारी मात्र यातलं काहीच जागेवर नव्हतं, आणि त्याला बऱ्यापैकी मीच कारणीभूत होतो.

माझा जन्म कोराडीतल्या दोन खोल्यांच्या घरात झाला. दीप्तीची आई, सरिताबाई, आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवतात. स्वतःच्या पोरीसाठी शिवायला त्यांना कधी सवड नसायची, पण मला त्यांनी तीन दुपारी बसून शिवलं. “पोरींच्या कपड्याले खिसा काहून नसते?” असं पुटपुटत त्यांनी उजव्या बाजूला चांगला ऐसपैस खिसा लावला. त्या खिशाचा मला भारी गर्व होता. एक गोष्ट मात्र मी लपवली. माझ्या एका बगलेत चार टाके सुटले होते. सरिताबाईंना ते दिसले नाहीत. बगलेत कोण डोकावतंय, म्हणून मीही गप्प बसलो.

आमच्याकडे कपडे उलटे करूनच वाळत घालतात. दोरीवरच्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसते. ती आतल्या बाजूला बसली की झटकता येते आणि बाहेरचा रंग वाचतो. मग घडीही उलटीच आणि हँगरवरही उलटंच. घालायच्या वेळी सरळ करायचं, हे या घरात प्रत्येकाच्या हाताला ठाऊक असतं. निदान तोवर तरी होतं.

दीप्तीच्या दोन मुलाखती आधीच झाल्या होत्या. एकीला ती जीन्स घालून गेली, दुसरीला मैत्रिणीचा कोट घालून. दोन्हीकडे “कळवू” म्हणाले आणि दोघांनीही शब्द मोडला. आता तिसरी मुलाखत मनीषनगरच्या पुढे, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात होती. तयार माल तपासायचं काम होतं. तिचे बाबा, धम्मानंद, यांनी आदल्या दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, “हेही नाही झालं तं मौद्याले मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बस. घरी बसून बसून पोरगी वाळून राहिली.” मामा चांगला माणूस, पण दिवसभर लोकांची आधार कार्डं पालथी घालायची या विचारानेच दीप्ती नवीन अर्ज भरायला बसायची.

त्या मंगळवारी सकाळी पलंगावर कपड्यांचा बाजार भरला.

“पांढरी साडी नेस वं,” सरिताबाई म्हणाल्या. “विहारात नेसते तेव्हा कशी समजदार दिसते.”

“दोन बसा बदलायच्या आहेत, आई. साडी सांभाळू का फाइल सांभाळू?”

“शर्ट-पँट घाल नं,” बाबा म्हणाले. त्यांच्या मते ऑफिसातली सगळी माणसं शर्ट-पँटमध्येच जन्माला येतात.

तेवढ्यात शेजारच्या सिंधूताई सुनेची अनारकली घेऊन आल्या. “हे घे. याचे खडे असे चमकते का साहेबाले दुसरं काई दिसणारच नाही.”

अनारकली पलंगभर पसरली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरी साडी काही बोलली नाही, ती विहारात जाऊन जाऊन शांत झाली आहे. इकडे नऊ वाजून गेले, बस चुकायची वेळ आली आणि दीप्तीचे डोळे भरायला लागले. मला राहवलं नाही. मी हँगरवरून मुद्दाम घसरलो आणि तिच्या पायांवर जाऊन पडलो. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

“जाऊ द्या, हाच घालते,” म्हणत तिने मला डोक्यातून ओढलं. सरिताबाई साडीची घडी घालत होत्या, बाबा फाइल शोधत होते आणि सिंधूताई अनारकलीचे खडे मोजत होत्या. मला सरळ कोणी केलंच नाही. माझं कापड दोन्ही बाजूंनी सारखं, त्यावर मोठी ओढणी. मी आतल्या आत बोंबललो, पण कुर्त्याचं कोण ऐकतं? बसमध्ये माझा लाडका खिसा ओढणीखाली बकरीच्या कानासारखा लोंबत होता.

कारखान्यात मुलाखत घ्यायला प्रेमिला मॅडम होत्या, तपासणी विभागाच्या मुख्य. त्या दीप्तीला थेट मशिनींच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. “ओढणी काढून ठेव आधी. मशीनजवळ लोंबतं काही चालत नाही.”

ओढणी निघाली. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. त्यांनी टेबलावर पाच शर्ट टाकले. “यातले खराब कोणते ते सांग.”

दीप्तीने काय केलं असेल? घरच्या सवयीने पाचही शर्ट आधी उलटे केले. मग शिवणीवरून बोट फिरवत तिने दोन बाजूला काढले. एकाची कॉलर वाकडी होती, एकाची बाही आत ओढली गेली होती. मॅडमनी मान हलवली. दीप्तीने सुटकेचा श्वास सोडला, घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून हात खिशाकडे नेला, आणि खिसा तिच्या हाताला बाहेरूनच लागला.

पलीकडच्या मशीनवरच्या पोरी फिसकन हसल्या. दीप्ती कानापर्यंत लाल झाली. तिला मौद्याचं ते झेरॉक्सचं यंत्र दिसायला लागलं असणार.

“हा सहावा,” मॅडम माझ्याकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाल्या. “याचं काय?”

ती सॉरी म्हणून पळून जाऊ शकली असती. तसं न करता तिने माझ्या शिवणीवर बोट ठेवलं. खांदा ठीक. खिसा पक्का. कड सरळ. मी छाती फुगवली. मग तिने एक हात वर केला आणि बोट बगलेत थांबलं. चार टाके तिला सापडले. हल्ली सुईत दोरा ओवायला आई हाक मारते आणि “उजेडच कमी आहे” म्हणते, हे तिला तेव्हा आठवलं.

“नापास, मॅडम,” ती म्हणाली. “बगलेत टाके सुटले आहेत.”

“शिवला कोणी?”

“आईनं.”

“अन् तू आईचाच कपडा नापास केला?”

“कपडा तं नापासच आहे, मॅडम.” तिने हात खाली घेतला. “आईले दिसून नाही राहिलं, हे मले आत्ता समजलं.”

मॅडमनी तिची फाइल बंद केली. उघडलीच नव्हती म्हणा, पण बंद केली. “सोमवारपासून ये. अन् कुर्ता सरळ घालून ये.”

मला नापास करून ती पास झाली. मला राग आला नाही असं कसं म्हणू? परतीच्या बसमध्ये मी चांगला फुगून बसलो होतो. पण दीप्ती रडत आणि हसत माझी बगल चाचपत होती, आणि मग माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्याच आठवड्यात सरिताबाईंना चष्मा मिळाला. तो लावून त्यांनी सगळ्यात आधी मला उलटं केलं. “अगं बाई, हे मी शिवलं?” म्हणाल्या आणि सुटलेले चारही टाके नव्याने घातले. आता मी रविवारचा कुर्ता आहे, रंग जरा उतरलाय. तुमच्या घरी कोणी तुमच्यासाठी शिवत असेल, तर कधीतरी तो कपडा उलटा करून नीट पाहा. शिवणाऱ्याबद्दल बरंच काही तिथेच असतं. आणि पाहून झालं की घालण्याआधी तो आठवणीने सरळ करा.