लोकरीच्या वासाचा ट्रक

अमेरिकेत व्हरमाँटला थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ ट्रकला खालून खातं. शेजारच्या एल्विनचा आधीचा ट्रक असाच गेला. आता हा दुसराही गंजला, तर डोंगरावरचं घर सोडून मुलीकडे फ्लोरिडाला जायचं, असं नवरा-बायकोत ठरलं होतं.

म्हणून ऑक्टोबरातच एल्विनने ट्रकखाली पडून मेंढीच्या लोकरीतून काढलेलं चिकट तेल असं चोपडलं, की माझी मेंढ्या राखणारी कुत्री ट्रकलाच मेंढी समजून हाकू लागली. भरात त्याने दारांच्या तळाची भोकंही लिंपली.

"अहो, त्यातून पाणी निघून जातं! दारं आतून सडतील ना," त्याची बायको ओडेट म्हणाली.

"अगं, मीठ आत शिरेल!"

"का, फ्लोरिडाची घाई झालीय?"

तिने विणायची सुई आणून एकेक भोक मोकळं केलं. फ्लोरिडाचं ऊन खरं तर तिलाच हवं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग तेल धुऊन जाऊ नये, त्यावर धुळीचा थर बसावा म्हणून दोघं कच्च्या रस्त्याने निघाली. पिवळ्या पानांखाली, सोनेरी धुळीत ट्रक तरंगल्यासारखा दिसेनासा झाला. मागे लोकरीचा वास रेंगाळला, आणि त्या वासामागे माझी कुत्री गेली.