देव्हाऱ्यातला पंप

दमा दोघी जावांना होता, पण भाईंदरजवळच्या पाली कोळीवाड्यातल्या त्या घरात मान होता तो धाकटीच्या दम्याला.

धाकटी सुलू. तिचा भाऊ नाथा आगबोटीवर खलाशी. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत त्याने परदेशातून दम्याचा पंप आणला. तोंडात धरायचा, दाबायचा, की दवा थेट छातीत. निळी पडलेली सुलू त्या पंपाने उठून बसली आणि सासू सरूबाईने तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला. वर हळदकुंकू. वर फर्मान, “चार दिवसांच्या बाईनं हात लावायचा न्हाय. विटाळानं दवेचा गुण जातो.”

सुलू बाहेरची झाली की सासू स्वतः पंप तिच्या तोंडाला लावायची, मग त्याच्यावर तुळशीचं पाणी शिंपडायची. बाईचं तोंड चालतं, हात चालत नाही! असलं शास्त्र म्हातारीच जाणे.

थोरली सत्यवती. तिला सरकारी दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्या. गोळी घेतली की काळीज धाडधाड आणि हात लटलट. वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंच्या मांडणीवर, वाळत घालताना बोंबील निसटून वाळूत पडायचे.

“हाताला काय भूत लागलाय गो?” सरूबाई ओरडायची.

“मला बी दमा हाय, आई.”

“तुझा दमा न्हाय, आळस हाय. दमा सुलूचा. कशी निळी पडते बिचारी!”

म्हणजे निळं पडल्याशिवाय पंप नाही. सत्यवती रंगाने काळी. काळ्या बाईचं निळं पडणं कुणाला दिसतंय? रोज दारात उभं राहून ती बघायची. सुलू पंप हलवते, श्वास सोडते, तोंडात धरून दाबते, आत ओढते. मग तो चेहरा! पोट भरलेल्या मांजरासारखा. सत्यवतीच्या जिवाची लाही व्हायची.

पौषातल्या एका दुपारी पुरुष दर्यावर होते, सरूबाई सुकट विकायला भाईंदरला गेलेली. सुलू बाहेरची, म्हणून पडवीत बसलेली. सत्यवती वलांडीवरून खोकत आली तर सुलू खांबाला धरून वाकलेली, छातीत शिट्ट्या वाजतायत.

“वहिनी... पंप...”

सत्यवती देव्हाऱ्याशी गेली. पंप हातात घेतला. पडवी सहा पावलांवर. तिचा स्वतःचा श्वासही दोऱ्याएवढा उरला होता. तिने पंप हलवला आणि आपल्याच तोंडात धरला.

दाबला. आत ओढला.

काही क्षणांत छातीवरचा धोंडा सरकला. किती वर्षांनी हवा पार तळाला गेली. म्हणजे हे असं असतं? हे ही बया रोज खात होती? आजवर ती नुसती बघून जळत होती. आता चव कळली, आणि आग दुप्पट झाली.

“वहिनी गो!”

सत्यवती भानावर आली. धावत जाऊन तिने सुलूचं डोकं मांडीवर घेतलं, पंप तोंडाला लावला. एकदा. पुन्हा एकदा. सुलूच्या ओठांवर रंग परतायला बराच वेळ लागला. सत्यवतीने तोवर तिची पाठ चोळली. मनात शिव्या, हातात माया. दोन्ही खरं.

“तू आधी घेतलास,” सुलू म्हणाली. “मी बघितलं.”

“घेतला.”

“मी मेली असती तर?”

“मी रोज मरतेय वलांडीखाली, तू बघितलंस कधी?”

 सुलू हात पुढे करून म्हणाली, “दे. माझा हाय तो.”

“विटाळ होईल,” सत्यवती म्हणाली आणि पंप तिने लुगड्याच्या ओच्यात खोवला.

“आईला सांगेन.”

“सांग. आईला म्हणावं, देवाला दमा न्हाय, सत्यवतीला हाय. आजपासून पंप माझ्या कमरेला. तुला लागला की माग. मागितलास की देईन. मला मागून कोणी दिला न्हाय, पण मी देईन.”

सुलू तिच्या कमरेकडे बघत राहिली. ती नजर सत्यवतीने ओळखली. तीन महिने दारात उभं राहून ती स्वतः अशीच बघत आली होती. उठून ती वलांडीकडे निघाली. श्वास मोकळा होता, आणि कुणीतरी आपल्यावर जळतंय, हे तिला पहिल्यांदाच गोड लागत होतं.