पाहुण्यांपुरता पट्टा

मी एक जुना सुरक्षापट्टा आहे, मित्रांनो. उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यांना नि मांड्यांना आवळून बसायचे आणि तो घसरलाच, तर दोरीच्या जोरावर त्याला धरून ठेवायचे, यासाठी माझा जन्म झाला. भोसरीच्या एका कारखान्यात मला शिवले. मग वाळूची जड पोती टांगून माझी परीक्षा घेतली. मी तुटलो नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

२००६ साली मी खराडीला आलो. शेते बुजवून तिथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. आमची अकरा मजल्यांची. माझ्यासारखे बारा पट्टे आले आणि बाराही ऑफिसातल्या कपाटात गेले. किल्ली मुकादम विक्रमच्या खिशात. कंपनीचे पाहुणे आले की तो आम्हाला बाहेर काढी. फोटो झाले की पुन्हा कपाट.

जयसिंग हा वाशीमकडचा गवंडी. गावाकडे त्याने आयुष्यभर बैठी घरे बांधली होती. काम मिळेना, तेव्हा बायको चंपाला घेऊन नगर रस्त्याने तो इथे येऊन उतरला. उंचीची त्याला भयंकर धास्ती. तिसऱ्या मजल्यावरही तो भिंत धरूनच चाले. म्हणून तो कडेकडे पाठ करून आतल्या भिंती बांधी. सगळे त्याला ‘जमीनदार’ म्हणत; जमीन सोडत नाही म्हणून.

एकदा चंपा ऑफिसात आली. "त्याइले एक पट्टा द्या ना जी. लय भेव लागते त्याइले."

"पट्टा कुत्र्याला बांधत्यात," विक्रम म्हणाला. "तुझा नवरा पळून चाललाय काय?"

ऑफिसातले सगळे खो खो हसले.

मग एका सोमवारी पाहुणे आले. माणसे कमी पडली म्हणून विक्रमने मला जयसिंगच्या अंगात चढवले, माझा हूक दोरीला अडकवला आणि त्याला अकराव्या मजल्याच्या कडेला उभे केले. त्याचे काळीज माझ्याखाली धडधडत होते. मी त्याला घट्ट आवळले. हळूहळू त्याने मान वर केली. खाली नगर रस्ता दूरवर गेला होता.

"चंपे, थो पाय आपला रस्ता!" आत विटा वाहणाऱ्या चंपाला बोटाने दाखवत तो ओरडला. इतक्या मोकळ्या आवाजात बोलताना त्याला कोणी ऐकले नव्हते.

इमारतीचा आराखडा काढणाऱ्या सृष्टीमॅडमही आल्या होत्या. ती वळणदार कड त्यांनीच कागदावर रेखली होती. पण त्या खांबाला धरून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"पायाकडं पाहू नका, बाई," जयसिंग म्हणाला. "दूरच्या झाडाकडं पाहा."

त्यांनी तसे केले, आणि खांब सोडून दोन पावले पुढे आल्या. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"पट्टा हाये ना."

माझ्या आयुष्यातली ती एकमेव स्तुती.

पाहुणे गेले. विक्रम पट्टे गोळा करू लागला.

"साहेब, कडेचं काम उरलं हाये. राहू द्या ना."

"फोटो झाला न्हवं?" विक्रमने स्वतःच माझे बक्कल सोडले. "आणि काय रे जमीनदारा, आज लई ताठ उभा राहिलास की! भ्या मोडलं तुझं. उद्यापास्नं कड तुझीच."

आजवर त्याच्या भीतीने त्याला आत ठेवले होते. मी ती घालवली, मित्रांनो.

गुरुवारी दुपारी कपाटात मला धप्प असा आवाज ऐकू आला. पाठोपाठ चंपाची किंकाळी. विक्रमने कपाट उघडले, मला उचलले आणि धावत खाली नेले. पोलीस यायच्या आत त्याने आणि आणखी दोघांनी मला जयसिंगच्या अंगात घातले. या वेळी धडधड नव्हती. माझा हूक त्यांनी मोकळाच सोडला.

पंचनामा झाला. पट्टा होता, हूक लावला नाही, मयताचा निष्काळजीपणा.

"हा पट्टा त्याइच्या आंगात नव्हता जी!" चंपा प्रत्येकाला सांगत होती. "सदरा रक्तानं भिजला, अन् पट्ट्यावर वरून एक थेंब नाही, पाहा ना!" कोणी पाहिले नाही.

सृष्टीमॅडमना विचारले, तेव्हा त्यांना रडू आवरेना. त्या प्रामाणिक बाई होत्या. सोमवारी जे पाहिले तेच त्यांनी सांगितले.

"पट्टा होता. मी स्वतः पाहिलाय. ते स्वतःच म्हणाले होते मला."

चंपा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग ती उठून नगर रस्त्याकडे चालू लागली.

मित्रांनो, उंच इमारतीवर पट्टा बांधलेला माणूस दिसला, तर तेवढ्याने समाधान मानू नका. पाहुणे गेले की पुन्हा एकदा मान वर करून बघा.