न खाजणारा चट्टा

गारगोटीच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं : 'न खाजणारा, न दुखणारा चट्टा? लगेच तपासून घ्या.' खाली कुष्ठरोगाचं नाव. रत्नव्वा रोज तिथून जायची. त्या दिवशी मात्र तिचे पाय जागीच थांबले.

चट्टा तिच्या डाव्या पावलावर होता. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आणि तिथून वर सरकल्या. खाज इतकी, की ती पाय दगडावर घासायची. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. खाज गेली, पण लावायचं थांबवलं की परत यायची, म्हणून ती लावतच राहिली. आता चट्टा पसरला होता, कड पुसट झाली होती, मधली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आणि खाज मुळीच नव्हती.

घरी दार लावून तिने साडीची पिन टोचली. दुखलं, की दुखल्यासारखं वाटलं? दुसऱ्या पायावर टोचून पाहिलं. फरक कळेना.

मुलाचं, शिवशरणचं, लग्न तोंडावर आलं होतं. वरमाई म्हणून तिला पाटावर बसवणार आणि मुलीची आई सगळ्या बायकांसमोर तिचे पाय धुणार. मांडवात कुणी रगतपितीचं, म्हणजे त्याच कुष्ठरोगाचं, नाव काढलं, तर लग्न मोडेलच. पण पुढेही शिवशरणला मुलगी कोण देणार?

शालू बघायचं निमित्त करून ती एकटीच कोल्हापूरला गेली. राजारामपुरीतल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर कापसाची वात टेकवली.

"कुठं लागतंय, तिथं बोट ठेवा."

ती बोट ठेवत गेली. बरोबर की चूक, बाई काहीच बोलेनात. मग त्यांनी कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेऊन थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

"बाई, रगतपिती हाय नव्हं? सांगून टाका एकदाचं."

"नाही हो. बुरशी आहे, नायटा. धागे स्वच्छ दिसतायत. आणि बोट तुम्ही दर वेळी बरोबर ठेवलंत."

"मग खाजत का न्हाय?"

बाईंनी ट्यूब हातात घेऊन वाचली. "हिच्यात स्टेरॉइड आहे. खाज दाबते आणि बुरशीला रान मोकळं करते. आजपासून बंद. पण बंद केलीत की लाल होईल, भयंकर खाजेल. गोळ्या घेत राहा, बोटांच्या फटी कोरड्या ठेवा. घाबरून पुन्हा लावलीत, तर सगळं पहिल्यापासून."

"लग्नापत्तोर जाईल?"

"नाही."

तसंच झालं. पाऊल लालबुंद झालं, खाजेने झोप उडाली. हळदीच्या सकाळी तिने फडताळातून ट्यूब काढली, टोपण उघडलं. आज लावली तर उद्या लाली दिसणार नव्हती. मग तिला ती पिन आठवली, चट्टा खाजत नव्हता तेव्हाची ती भीती आठवली. तिने टोपण लावलं.

मांडवात विहीण गंगव्वाने परात पुढे ओढली, रत्नव्वाच्या साडीचा काठ वर सारला आणि तिचा हात थांबला. बायका वाकल्या. त्यांतली एक म्हणाली,

"अगं बया, पायाला काय झालंय विहीणबाईंच्या?"

रत्नव्वाने पाऊल झाकलं नाही. "नायटा हाय. कोल्हापुरात दाखवून आलोय. लागण हुईल, हात लावू नगासा. वरनंच पाणी सोडा."

गंगव्वा त्या पावलाकडे बघत राहिली.

"खाजतंय?" तिने हळूच विचारलं.

"जीव जातोय बघा."

गंगव्वाने रोखलेला श्वास सोडला. तिच्या उचगावातही शाळेच्या भिंतीवर तेच लिहिलेलं होतं. तिने तांब्या उचलला आणि वरूनच धार सोडली.