ताजा उंदीर

केसरीनाथच्या घरात बर्फाची मासळी कधी शिजली नाही. खाडीवरून फडफडता मासा आणायचा, नाहीतर मुकाट डाळभात जेवायचा, असा हा गडी. पूर्णा गावातल्या त्याच्या जमिनीवर गोदामं उठली, दारात गाडी आली, पण जिभेचा हट्ट काही सुटला नाही.

आणि लेकीने, मृणालीने, पाळला काय, तर परदेशी अजगर! रीतसर कागदपत्रं करून आणलेला, हातभर लांबीचा. घाबरला की गोल वळायचा, म्हणून नाव लाडू. त्याचं खाणं म्हणजे फ्रीजरमधले मेलेले उंदीर.

परीक्षेसाठी पुण्याला जाताना तिने बजावलं, "बाबा, रविवारी एक उंदीर कोमट पाण्यात ठेवा. ऊब आली की चिमट्याने लाडूपुढे धरा. बाकी काही करू नका."

"एवढं न कळायला मी काय लहान हाय?" केसरीनाथ म्हणाला.

रविवारी त्याने उंदीर काढला, तर हातात नुसता दगड. त्याला कसंतरीच झालं. अरे, आपण पाहुण्याला शिळं वाढत नाही, आणि हा तर घरातला! सकाळीच गोदामातल्या पिंजऱ्यात एक उंदीर सापडला होता, चांगला धट्टाकट्टा. तोच त्याने लाडूच्या काचेच्या पेटीत सोडला, झाकण लावलं आणि बायकोला घेऊन खारबावला साखरपुड्याला गेला. पोटभर जेवला, वर लोकांना सांगितलं, "आज आमच्या लाडूचीपण मेजवानी हाय."

संध्याकाळी येऊन बघतो तर लाडू कोपऱ्यात अंग आवळून बसलेला, पाठीवर दोन ठिकाणी मांस उघडं पडलेलं. उंदीर मात्र जिवंत, काचेवर नखं घासत होता.

केसरीनाथने रागाने काठी उचलली, पण मारायचं कुणाला? बांधावर उंदराला बीळ असतं, सापालाही सरकायला जागा असते. इथे दोघांनाही वाट नव्हती, आणि झाकण लावणारा तो स्वतः होता. त्याने उंदराला मागच्या गवतात सोडून दिलं.

"घासलं कुठेतरी, असं सांग," भावना, त्याची बायको, हळूच म्हणाली. "पोरीचा उद्या पेपर हाय."

त्याने फोनवर तसंच सांगितलं. मृणालीने विचारलं, "नुसतं खरचटलंय ना? मग हात लावू नका. कात टाकली की भरून येईल."

फोन ठेवला, पण त्याचा पाय पेटीपासून निघेना. लेक त्याच्या शब्दावर विसंबून बसली होती, आणि त्या शब्दापायी हे जनावर सडून मेलं असतं. बापाची लाज मोठी की हा जीव? त्याने परत नंबर लावला.

"मृणाली, खोटं बोललो. मी जिता उंदीर सोडलेला. त्याने कुरतडलंय."

पलीकडे ती रडली. मग म्हणाली, "आत्ताच डॉक्टरकडे न्या. जखमा चिघळून अंगात विष चढेल, बाबा. आणि त्यांना तरी खरं सांगा."

केसरीनाथने लाडूला उशीच्या अभ्र्यात घेतलं, छातीशी धरलं आणि भिवंडी गाठली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखमा पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कुणी केलं हे?"

"मी," केसरीनाथ म्हणाला.