डल्सी आत्याच्या कपाटातल्या प्लेटा

डल्सी पोल्किंगहॉर्न गेली त्याला पाच आठवडे झाले, तेव्हा तिच्या भाचीला, ग्लेनिसला, तिच्या कपाटात एकसष्ट प्लेटा सापडल्या. त्यातली एकही पोल्किंगहॉर्नांची नव्हती.

शुक्रवारची सकाळ होती. शनिवारी दुपारी वूलिना गावच्या हॉलवर डल्सीच्या नावाची पितळी पाटी लागायची होती. मजकूर हॉलच्या समितीने तीन बैठका घेऊन ठरवला होता आणि तो कोरूनही आला होता : 'डल्सी पोल्किंगहॉर्न. हिने स्वतःसाठी काहीच ठेवून घेतलं नाही.'

ग्लेनिस पलंगावर बसली.

वूलिनात पोल्किंगहॉर्न पाच पिढ्यांपासून होते. बोटींचा धक्का त्यांच्याच खापरपणजोबांनी बांधला आणि त्याचा निम्मा भाग त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. दफनभूमीतली समुद्राकडची अख्खी रांग त्यांची. डल्सीने लग्न केलं नाही, हॉल केला. मयत असो, लग्न असो, अग्निशमन दलाचं जेवण असो, चोपन्न वर्षं चहा तिचाच. प्रत्येकाने घरून एक प्लेट भरून आणायची, बुडाला नावाची चिकटपट्टी लावायची, म्हणजे ज्याची त्याला परत जाते, अशी गावची रीत. पण डल्सी भांडी उकळत्या पाण्यात घासायची. चिकटपट्ट्या सुटून यायच्या. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तिला पाणी जरा निवू दे म्हणून सांगण्याची कोणाची छाती नव्हती.

प्लेटांमागे एक जुनं कॅलेंडर निघालं. त्याच्या पाठीवर सुटलेल्या चिकटपट्ट्या ओळीने डकवलेल्या, आणि वर डल्सीच्या अक्षरात : 'विचारतील तेव्हा देणे.'

कोणीच विचारलं नव्हतं. डल्सीला विचारायचं म्हणजे डल्सीवर संशय घ्यायचा! त्यापेक्षा लोकांनी एकमेकांवर घेतला. ते सोयीचंही होतं.

सगळ्यात वर ॲव्हिस ट्रेम्बाथची निळ्या नक्षीची मोठी प्लेट होती. ॲव्हिसच्या आजीने ती जहाजातून मांडीवर घेऊन आणली होती. एकोणीस वर्षांपूर्वी सुगीच्या जेवणानंतर ती गायब झाली. त्या दिवशी भांडी पुसायला हेदर राउस होती, एवढं ॲव्हिसला पुरलं. तेव्हापासून ॲव्हिस हेदरशी बोलत नव्हती. जत्रेत केकची दुकानं दोन लागत आणि चर्चमध्ये दोघी दोन टोकांना बसत. बाकी काही नाही, तरी त्यामुळे चर्च समतोल दिसे.

ग्लेनिसने भावाला, मरीला, बोलावलं. त्याने कपाटात डोकावून शीळ घातली.

"कचरा डेपोत टाकून येतो."

"बुधवारशिवाय उघडत नाही."

"मग धक्क्यावरून समुद्रात."

"धक्क्यावर रोज निम्मं गाव गळ टाकून बसलेलं असतं. पहिल्याच गळाला ॲव्हिसची प्लेट लागेल."

"मग राहू दे की इथेच. कोण बघतंय?"

"म्हणजे आत्याची गेली चोपन्न वर्षं, आता माझी जाऊ देत. कोणीतरी विचारेल म्हणून मीही वाट बघत बसू?" ग्लेनिस उठली. "उद्या ह्याच प्लेटांतून खायला द्यायचं. ज्याची त्याने ओळखावी."

"आणि पाटी? अगं, हसतील लोक! आत्याला हसतील!"

ग्लेनिसला तीच भीती होती. तिने पाणी तापत ठेवलं, मग थोडं निवू दिलं.

शनिवारी पडदा सरला, मजकूर वाचून झाला, लोकांनी डोळे पुसले आणि टेबलांकडे मोर्चा वळवला. दहाव्या मिनिटाला खाण्याचा वेग संशयास्पद वाढला. माणसं खात नव्हती, प्लेटा रिकाम्या करत होती. मग एकेक जण बूड उलटून बघू लागला. सगळे एकदा पाटीकडे बघत, एकदा बुटांकडे.

ॲव्हिससमोर निळी प्लेट होती, तिच्यात चार लॅमिंग्टन, चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन. तिने तीन खाल्ले, चौथा मरीच्या हातात कोंबला आणि प्लेट उलटली. मग ग्लेनिसकडे पाहिलं. मग पाटीकडे.

ग्लेनिसच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. ॲव्हिसने आता एक वाक्य बोलायचा अवकाश, त्या पाटीचा पाच पिढ्या पुरेल असा विनोद झाला असता. वूलिनात विनोदही वारसाहक्काने जातात.

"हेदर," ॲव्हिस म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हेदर वळून उभी राहिली.

"माझी प्लेट परत आणलीस वाटतं."

हेदरने ती प्लेट उभ्या जन्मात घरी नेली नव्हती. तिने प्लेटकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, शेवटी पांढऱ्याफटक पडलेल्या ग्लेनिसकडे पाहिलं.

"आणली," ती म्हणाली. "जरा उशीरच झाला."

"जरा? एकोणीस वर्षं, बाई!"

"तुझे लॅमिंग्टन चिकटच तसले. घासता घासता गेली एकोणीस वर्षं."

ॲव्हिसने नाक पुसलं. रडू होतं की हसू, ते तिने कळू दिलं नाही. "ग्लेनिस, बघत काय उभी राहिलीस? चहा दे हिला. साखर घालू नकोस हं, केवढी फुगली आहे बघ."

मग बांध फुटला. "रेग, तुझी ही काचेची मीच नेली होती बरं का." "मला वाटलंच होतं, मेल्या! आणि ही तुझ्या आईची, माझ्याकडे होती." ज्याने कधी कोणाचा चमचाही उचलला नव्हता, तोही पुढे होऊन चोरी कबूल करू लागला.

पाच वाजता ग्लेनिसने हॉल बंद केला, तेव्हा टेबलं रिकामी होती. वूलिनात एका दुपारी एकसष्ट चोर निघाले होते आणि भिंतीवर एकटी डल्सी तेवढी स्वच्छ राहिली होती.