बाहेरची कड

…टाचेपासून चवड्यापर्यंत अख्खं पाऊल उमटलं होतं, मधे कुठे रिकामं नाही, आणि शहाबादी फरशीवरचं ते पाणी वाळेपर्यंत अरिबा भिंतीला हात लावून बघत राहिली. आतल्या बाजूला कमान हवी, तिथे कोरडी जागा सुटायला हवी. सुटली नव्हती. पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूला पाय धुवायचे आणि ओल्या पावलांनी जानमाजच्या चटईपर्यंत जायचं, हे लहानपणापासूनचं. पण जाताना मागे वळून आपलीच पावलं तपासायची हे खूळ मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिल्यापासूनचं – पोलीस भरतीच्या मेडिकलला सपाट तळवा चालत नाही म्हणे. आणि शेजारी अम्मीची पावलं, तीही तशीच भरलेली… म्हणजे हे रक्तातूनच आलंय की काय? मग आता बोलायचं तरी कुणाशी?

“क्या देखरी गे?” अम्मीने मागून विचारलं. काही नाही म्हणत तिने चवड्याने ते पाणी फिसकटून टाकलं. नमाजाला उभी राहिली तरी सगळं लक्ष तळव्यात. अल्लाकडे मागायचं काय, तर पायाला कमान! तिची तिलाच लाज वाटली.

भवानी पेठेतून मैदानाकडे सायकल हाणताना डावा घोटा बाहेरच्या बाजूने ठणकत होता. तो ठणकणारच. सपाट पाऊल आत कलतं ना, मग आपण ते बाहेर कलवायचं – व्हिडिओ अर्धाच बघून तिने हा शोध लावला होता, आणि तेव्हापासून चालताना, जिना चढताना, पळताना अंगाचा सगळा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर. वर अब्बांच्या टेम्पोतल्या टॉवेलचा एक तुकडा घडी करून दोन्ही बुटांत, कमानीच्या जागी. कमान काही आली नाही. फेरीची वेळ मात्र वाढत गेली, पूर्वी मागे पडणाऱ्या मुली आता सहज पुढे जाऊ लागल्या, आणि भरती तर आठवड्यावर येऊन ठेपलेली… अब्बांना काय सांगायचं? हुसेनसाबची पोरगी ट्रॅकपँट घालून पळते असं लोक म्हणू लागले, म्हणून अब्बांचे थोरले भाऊ, मोठे अब्बा, वाटेल ते बोलले, तेव्हा आयुष्यात भावापुढे मान वर न केलेले अब्बा म्हणाले होते, पळणार ती. त्या ईदेपासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद आहे. आणि ही इथे पाय वाकडे टाकत बसली आहे.

शिवयोगी सरांनी तिला फेरीच्या मधेच थांबवलं. ते भरतीच्या मुलामुलींची तयारी करून घेत, आवाज न चढवता.

“पाय आखडून पळायलीस की तू. काय करायलीस?”

तिने सगळं सांगून टाकलं. ओली पावलं, अम्मीची पावलं, टॉवेल. सर हसले नाहीत. त्यांनी तिला कट्ट्याजवळ अनवाणी उभं केलं आणि सांगितलं, की पळताना टाच टेकली की पाऊल थोडं आत कलतंच, सगळ्यांचं कलतं. तेवढ्यात ते जमिनीचा धक्का पचवतं, आणि मग घट्ट होऊन अंगाला पुढे ढकलतं. फार कललं तर गुडघा तक्रार करतो. पण मुळात कलूच दिलं नाही, तर धक्का थेट हाडांत जातो. तू त्याला कलूच देत नाहीस.

“टाचा उचल.”

तिने डोळे मिटून घेतले. चवड्यांवर उभी राहिली, पोटऱ्या थरथरल्या. सर मागे उकिडवे बसून बघत होते – किती वेळ बघायचं ते? नाही म्हणायचं तर म्हणा एकदाचं…

“कमान आहे की. भार टाकलास की बसते, टाच उचललीस की उठते. डॉक्टर बघतीलच, पण मला तरी हा पाय सपाट वाटत नाही. जा, टॉवेल काढ आणि पाऊल पडेल तसं पडू दे.”

हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत. मग लक्षात आलं, आता सबब उरली नाही. ‘पळाले असते, अब्बा, पण पायच तसा’ – हे वाक्य तिने कधीपासून तयार ठेवलं होतं! अब्बांचा उतरलेला चेहराही तिने मनात पाहून ठेवला होता, दुःखी, पण मान खाली न घातलेला. मोठे अब्बासुद्धा हळहळले असते, पोरीची काय चूक म्हणाले असते. कुणाचंच काही चुकलं नसतं. या भरल्या पावलांना मी रोज घाबरत होते, की रोज तीच बघायला जात होते?

पलीकडे मुली रेषेवर गोळा झाल्या होत्या. ती जाऊन उभी राहिली. घोटा सैल सोडला, तळवा मातीवर पुरता टेकला, आणि चांगलंच वाटलं त्याला. आता हरले तर मीच हरले. पाय धड निघाला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अरिबाला पळायची भीती वाटत होती.